आहेराचं दुकान

"आपल्यात आहेर फिरता गो. ह्याच्या लग्नातलो त्याच्या लग्नात जाता. इकत कोण घेता?" असं बाबा आईला, तिने दुकानाचं काढलं त्या पहिल्याच दिवशी म्हणाले होते. जेवता जेवता म्हणाले, आणि नेहमीसारखं मोठ्याने म्हणाले, त्यामुळे आमच्या दोन्ही बाजूंच्या खोल्यांना ते ऐकू गेलं. गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे जिथे माग चालतात तिथे, सगळी उमर काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. कान गेलेले असतात. आईने त्यांच्या ताटात पिठी वाढली, कुळथाचीच, कारण त्या दिवसांत दुसरं काही नसायचंच, आणि म्हणाली, "तुमका बाजारातला काय म्हायती?" तिच्यापुरता विषय संपला. मी नुकतीच दहावी पास झाले होते आणि मला मनापासून वाटलं की आईचंच बरोबर आहे. बाबा घरी बसलेले होते, आणि घरी बसलेल्या माणसाचं कोण ऐकतं?

गिरण्यांचा संप सुरू होऊन तेव्हा बरेच महिने झाले होते. आम्ही घाटकोपरला भटवाडीत राहायचो, डोंगराच्या अंगाला टेकलेल्या बैठ्या चाळीत. पुढे एक खोली, मागे स्टोव्ह आणि मोरी, एवढंच घर. चाळीतले निम्म्याहून जास्त पुरुष गिरणीतले आणि बहुतेक सगळे आमच्यासारखेच कोकणातले. एरवी या चाळीत दिवसा पुरुष दिसायचा नाही, दिसला तर तो पाळीवरून येऊन झोपलेला असायचा. आता सगळे जागे. बाबा अजूनही पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचे, आंघोळ करायचे, शर्ट घालायचे आणि मग दाराच्या पायरीवर बसून राहायचे. कुठे जायचं नसताना घातलेला शर्ट मला बघवायचा नाही. धाकट्या भावाला गावाला काकांकडे पाठवलं होतं. एक ताट कमी, असं आई म्हणाली नव्हती, पण ताट मात्र खरोखरच कमी झालं होतं. सकाळी कोरा चहा, दुपारी पेज, रात्री पिठी-भात, आणि गावाहून कोणी आलं तर सुकट. सुकट भाजल्याचा वास आला की चाळीतल्या मुलांना कळायचं की आज कोणाकडे पाहुणा आहे.

साचेखात्यातल्या लोकांची आणखी एक गंमत होती. मागांच्या खडखडाटात आवाज कामाचा नसतो, म्हणून ते ओठ वाचून बोलतात. बाबा आणि त्यांचे दोस्त चाळीच्या तोंडाशी उभे राहून नुसते ओठ हलवत तासन्‌तास बोलायचे. संपाबद्दलच असणार, दुसरं काय. आईला ते ओठ वाचता यायचे आणि तिच्याकडून मीही शिकले. बाबांच्या म्हणजे बोलायच्या दोनच तऱ्हा होत्या, एक साऱ्या चाळीला ऐकू जाईल अशी आणि दुसरी कोणालाच ऐकू न जाणारी. मधली, घरातल्या माणसांनी घरातल्या माणसांशी बोलायची, ती त्यांना कधी जमली नाही.

आता दुकानाचं खूळ आईच्या डोक्यात आलं कुठून, ते सांगते. आईचा हात वस्तू बांधण्यात फार सुरेख होता. आमच्या चाळीतल्या कोणाला लग्नाला जायचं असलं की त्या बाईने आधी ट्रंक उघडायची, त्यातून आपल्या लग्नात, नाहीतर जावेच्या, नणंदेच्या लग्नात आलेला लेमन सेट किंवा फ्लॉवरपॉट काढायचा आणि आईकडे आणायचा. आई जुना कागद उलट्या बाजूने इस्त्री करून गुळगुळीत करायची आणि असा काही बांधून द्यायची की जोड कुठे आहे ते शोधून सापडू नये. वर सॅटिनच्या रिबिनीचं फूल. पैसे घ्यायची नाही, चहाचा कप प्यायची. म्हणजे साऱ्या चाळीचे फिरते आहेर तिच्याच हातून बांधून जात होते. आहेर फिरतो हे बाबांपेक्षा तिला जास्त ठाऊक होतं! पण त्या बायका वस्तू तिच्या हातात देताना लाजायच्या आणि म्हणायच्या, "नवीन घेऊन देणार होते वहिनी, पण इथे जवळपास मिळतं कुठे?" हे बोलायचं म्हणून बोलणं असतं. पाहुण्याला 'जेवून जा ना' म्हणावं तसं. आईने ते खरं धरलं. आयुष्यात तिने फारशा चुका केल्या नाहीत, पण जी केली ती ही.

"इथे मिळत नाय म्हणून घेत नाहीत," ती मला सांगायची, "मिळालं तर घेतील. संप असू दे नाहीतर नसू दे, लग्न कोणाचं थांबलंय?" पुढच्या खोलीत भिंतीला लावून काचेचं कपाट, दारावर पाटी, आणि ती घरात बसून स्वयंपाक करता करता विकणार. भाडं नाही, नोकर नाही. बोलताना ती स्टोव्हला पंप मारायची, आणि स्टोव्हच्या भर्र आवाजात तिचा आवाज चढत जायचा. मला ते ऐकायला फार आवडायचं, कारण त्या सगळ्या बेतात शेवटी मी होते. बारावी करायची, मग डी.एड. करायचं आणि शाळेत बाई व्हायचं, हे मी ठरवून टाकलं होतं. अकरावीत नाव घातलं होतं, पण पुढची फी कुठून येणार ते कोणाला माहीत नव्हतं. ते फक्त आईला माहीत होतं.

पैशासाठी ती आधी मामाकडे गेली. मामा मुलुंडला एका कंपनीत होता, त्याचा पगार चालू होता. पैशाऐवजी दोन दिवसांनी तो स्वतःच आला, आणि मोकळ्या हाताने आला नाही, स्थळ घेऊन आला. "ताई, दुकान-बिकान सोड यार," तो म्हणाला. "ह्या दिवसांत कोण धंदा टाकतं? वाट लागेल. पोरगी दहावी झाली ना? बस झालं. वाकोल्याला एक स्थळ आहे, मुलगा गोदीत आहे, परमनंट आहे. अठरा पूर्ण झाली की उडवून टाकू." मी मागे मोरीत भांडी घासत होते आणि माझे हात थांबले. आई म्हणाली, "बारावी होवंदे तिची. मास्तरीण होतली ती."

"कोणाच्या जिवावर?"

"माझ्या."

मामा बाबांकडे बघून हसला. बाबांना ऐकू आलं नसावं, किंवा आलं असावं. ते पायरीवर बसून रस्त्याकडे बघत राहिले.

मग बँक. बायकांना स्वतःच्या धंद्यासाठी कर्ज मिळतं असं कोणीतरी सांगितलं होतं. मी अर्ज लिहिला, सुवाच्य अक्षरात, शाळेत निबंध लिहावा तसा. आईने ठेवणीतलं पातळ नेसलं. टेबलामागच्या साहेबांनी अर्ज वाचलाही नाही. "मिस्टर काय करतात?" त्यांनी विचारलं. "गिरणीत आहेत," आई म्हणाली. "आहेत की होते?" साहेब म्हणाले, आणि बाजूचा कारकून फिसकन हसला. जामीनदार आणा, मिस्टरांना घेऊन या, असं काहीबाही सांगून त्यांनी अर्ज माझ्या हातात परत दिला. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "अक्षर मात्र छान काढलंस हां." मला तिचा राग आला आणि त्या कारकुनाचा आला. त्याचा चेहरा मी आजही ओळखेन.

राहिली भिशी. भिशी म्हणजे काय हे हल्लीच्या मुलांना सांगावं लागतं. डझनभर बायकांनी एकत्र यायचं, दर महिन्याला प्रत्येकीने ठरावीक रक्कम टाकायची, चिठ्ठी काढायची आणि जिचं नाव निघेल तिने त्या महिन्याची सगळी रक्कम घ्यायची. वर्षभरात प्रत्येकीची एकदा पाळी येते. जी बाई भिशी चालवते तिला मात्र पहिल्या महिन्याची रक्कम चिठ्ठी न काढता मिळते. तो तिचा मान. त्या मानाच्या मागे एक जोखीम असते: मध्येच कोणी बुडवलं तर तिच्या वाटणीचे पैसे चालवणारीने भरायचे. आईने भिशी चालवायला घेतली ती त्या पहिल्या रकमेसाठीच. लपवाछपवी काही नव्हती, तिने सगळ्या बायकांना तोंडावर सांगितलं. पण ती भिशी कोणाची होती? चाळीतल्या बायकांची, म्हणजे संपावरच्या पुरुषांच्या बायकांची. स्टेशनजवळच्या गुजराती बिल्डिंगांत पोळ्या लाटणाऱ्या, पापड लाटणाऱ्या, कानातलं गहाण टाकून पन्नास रुपये आणणाऱ्या. पाण्यात बुडणाऱ्यांनी एकमेकांचे हात धरावेत तसं ते होतं. पहिल्या भिशीला आईने शिरा केला होता, साजूक तुपाचा नव्हे, पण शिरा. सगळ्या बायका बोटं चाटत खाताना किती हसत होत्या! परबकाकी, आमची पलीकडची शेजारीण, तिने पहिल्यांदा पैसे ठेवले आणि म्हणाली, "घे गो वहिनी, देवाचा नाव घे नि कर सुरू."

भिशीच्या पैशात आईने स्वतःच्या कुड्या विकल्याचे पैसे घातले आणि आम्ही दोघी क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्ल्यांत माल घ्यायला गेलो. तो दिवस मला सगळाच्या सगळा आठवतो. एका एका दुकानात जमिनीपासून छतापर्यंत खोके, आणि प्रत्येक खोक्यात कोणाच्या तरी लग्नाचं, बारशाचं, वाढदिवसाचं काहीतरी. भिंतीवरची घड्याळं, लेमन सेट, आत दिवा पेटणारे ताजमहाल, फोटो फ्रेमी, प्लास्टिकची गुलाबं. आई भाव करत होती आणि मी एका पेनस्टँडपाशी उभी होते. काळ्या चकचकीत बैठकीवर दोन तिरकी पेनं, मध्ये बोटाने फिरवायचं तारखेचं छोटं कॅलेंडर. शाळेत मुख्याध्यापिका बाईंच्या टेबलावर असाच होता. मी काही बोलले नाही, पण आईला दिसलं. तिने तो घेतला. "विकूसाठी हां," ती म्हणाली, "नाय खपला तर तुझो." मी परत येताना सारा वेळ तो मांडीवर धरून बसले आणि तो खपू नये अशी मनातल्या मनात प्रार्थना करत होते.

दसऱ्याला दुकान सुरू झालं. कपाट बाबांनी स्वतः केलं, जुन्या पलंगाच्या फळ्यांचं, वर विकत आणलेली काच. पाटीही त्यांनीच रंगवली, पत्र्यावर लाल अक्षरांत: 'शुभांगी गिफ्ट'. माझं नाव. आईने नावाच्या छोट्या चिकटपट्ट्या छापून आणल्या आणि प्रत्येक वस्तूच्या बुडाला एकेक चिकटवली. बाबा विरोधात होते आणि तरी त्यांनी खिळा दिसू नये असं कपाट केलं, पॉलिश केलं, काचेला रोज वर्तमानपत्राने पुसायचे. संध्याकाळी मी कॉलेजातून आले की दारातूनच माझ्या नावाची पाटी दिसायची आणि मला वाटायचं, झकास! आता सगळं मार्गी लागणार. त्या वयात नावाची पाटी लागली की माणूस उगाचच ताठ चालतो.

तुळशीचं लग्न लागलं, लग्नसराई सुरू झाली. बायका यायच्या, काचेला नाक लावून बघायच्या, किंमत विचारायच्या, "छान आहे हो" म्हणायच्या. आणि मग पदराखालून काढायच्या आपली ट्रंकेतली वस्तू. "वहिनी, एवढं बांधून द्याल?" आई बांधून द्यायची. दुकानात बसून, विकायच्या मालासमोर, ती चाळीचे फिरते आहेर बांधत राहिली. एखादं घड्याळ गेलं, दोन-चार फोटो फ्रेमी गेल्या, ताजमहाल एका गुजराती शेठाणीने नेला. बाबा एकदाही म्हणाले नाहीत की मी सांगितलं होतं. ते म्हणाले असते तर बरं झालं असतं, निदान भांडण तरी झालं असतं आणि घरात आवाज झाला असता.

भिशीच्या दिवशीचा शिरा जाऊन कांदेपोहे आले, पोहे जाऊन चहा आला, मग चहाही बंद झाला. संप मोडल्यासारखा झाला होता पण गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या भरल्या नाहीत. बाबांच्या गिरणीने पुष्कळांना परत घेतलंच नाही, बाबा त्यांतलेच. लोक बिऱ्हाडं आवरून गावाला जायला लागले. ज्यांची भिशी लागून गेली होती अशा बायकाही गेल्या. त्यांनी बुडवलं असं मी म्हणणार नाही. नवऱ्याने ट्रंक उचलली की बाई काय भिशीसाठी मागे राहते? पण त्यांच्या वाटणीचे पन्नास-पन्नास आता आईने भरायचे होते. पहिल्यांदा तिने विक्रीतले भरले, मग माझ्या फीचे ठेवलेले भरले. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, त्याच सुमाराला बाबांना ताप आला आणि औषधाला पैसे लागले. शिमग्याच्या आधीच्या भिशीला चिठ्ठी निघाली नाही, कारण ठेवायला रक्कमच नव्हती.

त्यानंतर एका दुपारी ज्यांची पाळी यायची राहिली होती त्या सगळ्या बायका आल्या. ओरडत वगैरे आल्या नाहीत. चप्पल बाहेर काढून, पदर सावरून, हळदीकुंकवाला यावं तशा येऊन खाली बसल्या. आई कपाटाला पाठ लावून बसली होती, मी तिच्या मागे, बाबा पायरीवर. सुरुवात परबकाकीनेच केली, "वहिनी, माका तुमचो राग नाय. पण माझ्या घरात पीठ नाय."

"पैसे नाय माझ्याकडे," आई म्हणाली. "माल आसा. माल घेवा."

"घड्याळ काय शिजवन खातलंय मी?"

त्यावर एक दुसरी बाई हळूच म्हणाली, "काहीच नाय, त्यापेक्षा बरं ना गं." आणि ती उठली. तिने लेमन सेटकडे बोट दाखवलं.

आईने तो काढून तिच्या हातात दिला नाही. तिने कागद घेतला, कात्री घेतली आणि तो बांधायला बसली. "अगो, बांधतंस कित्याक?" परबकाकी म्हणाली. आई म्हणाली, "उघडं कसं नेतलास? लोक बघतले." आणि मग एकेक वस्तू कपाटातून निघत गेली आणि ती एकेक बांधत गेली, कोपरे दुमडून, जोड लपवून, रिबिनीचं फूल करून. बायका आपापल्या वस्तूची वाट बघत होत्या. एका बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. एरवी कोणी बघितलं असतं तर वाटलं असतं, केवढी गिऱ्हाइकी आहे! तेवढी गर्दी त्या दुकानात पूर्वी कधी झाली नव्हती.

परबकाकीचं सगळ्यात शेवटी आलं. तिला मोठं घड्याळ दिलं, फ्लॉवरपॉट दिला, तरी तिचे पैसे पुरे होईनात. कपाटात पेनस्टँड राहिला होता. आईने त्याच्याकडे हात नेला आणि तेव्हा मी बाबांकडे बघितलं. पायरीवरून ते आईकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते, आवाज न करता, साचेखात्यातल्यासारखे. "तो ठेव. पोरीचो आसा." आईने ते वाचलं. मला माहीत आहे तिने वाचलं, कारण तिचा हात मध्येच थांबला. मग तिने मान खाली घातली, पेनस्टँड खोक्यात ठेवला आणि कागद कापायला घेतला. परबकाकांना कशीबशी सही तेवढी करता यायची, त्यांच्या घरी तो कशाला हवा होता? पण हिशेब पुरा व्हायला हवा होता आणि आईने तो केला. बायका गेल्या. रिकाम्या कपाटाची काच तिने पुसली, बाबा पुसायचे तशी.

अकरावीची परीक्षा मी दिली नाही. कपाट विकलं. पत्र्याची पाटी पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून गेली, नाव खालच्या बाजूला करून. मी एका कारखान्यात बांगड्या मोजून डब्यांत भरायला जाऊ लागले. मामा पुन्हा आला. वाकोल्याचं स्थळ अजून थांबलेलं होतं. या खेपेला आई म्हणाली, "बघ काय ता." एवढंच. मला अठरा पूर्ण झाली आणि चाळीच्या मधल्या चौकात, उसन्या मांडवात माझं लग्न लागलं. जेवणात मसालेभात आणि बुंदी होती. बाबा मांडवाच्या खांबाला धरून उभे होते आणि त्या दिवशी ते अजिबात मोठ्याने बोलले नाहीत.

मांडवपरतणीला मी माहेरी आले, तेव्हा पुढच्या खोलीत आहेर रचून ठेवला होता. जिथे कपाट होतं त्याच जागी. दुपारची वेळ होती, आई म्हणाली, "चल, उघडू." पहिलं पुडकं तिने हातात घेतलं आणि ती थांबली. मलाही कळलं. आपण केलेली भाकरी ओळखू येते तसे तिला स्वतःचे दुमडलेले कोपरे ओळखू येत होते. कागद तोच, रिबीन तीच, फक्त वर नवीन चिठ्ठी: चि. सौ. कां. शुभांगी हिला सप्रेम भेट. आत लेमन सेट. बुडाला लाल अक्षरांत 'शुभांगी गिफ्ट'. त्या बायकांनी नेलेलं उघडलंही नव्हतं. ट्रंकेत ठेवून दिलं होतं, पुढे कोणाच्या तरी लग्नात द्यायला. ते लग्न माझं निघालं.

परवा माझ्या नातीच्या वाढदिवसाला आलेल्या मुलांना माझी सून जाताना पिशव्या वाटत होती. काय आहे गं हे, विचारलं तर म्हणाली, "रिटर्न गिफ्ट." मी इतकी हसत सुटले की ती घाबरली. तिला काय सांगणार होते मी?

आई एकेक उघडत होती आणि कितीला घेतलं होतं ते सांगत होती. घड्याळ. फ्लॉवरपॉट. फोटो फ्रेम. प्रत्येक कागद न फाडता सोडवून ती हाताने सारखा करून बाजूला ठेवत होती. मग म्हणाली, "ह्या सगळ्यांचा फेडूक होया. परबांच्या चेडवाचा लगीन येतला." चेडू म्हणजे मुलगी. मी ओरडलेच, "आई, हे आपलंच आहे! आपण दिलं होतं त्यांना!" ती शांतपणे म्हणाली, "ता भिशीतला. ह्या आहेरातला. ता येगळा, ह्या येगळा." भिशीत एकदा फेडलेलं ते सगळं ती आहेरात पुन्हा एकदा फेडणार होती, आणि पुढल्या वर्षांत तिने ते फेडलंही. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, अशातली गत. फक्त इथे घोडंही घरचंच होतं.

शेवटचं पुडकं परबकाकीचं होतं. आकारावरूनच मी ओळखलं. आईने कागद सोडवला, खोकं उघडलं, आणि या वेळी किंमत सांगितली नाही. पेनस्टँड तिने माझ्या ओंजळीत ठेवला आणि म्हणाली, "ह्यो तुझो." तिला रडू आलं नाही आणि मलाही नाही. मला राग आला होता, तिचा, बाबांचा, परबकाकीचा, साऱ्या जगाचा. खरं सांगायचं तर तो अजून पुरता गेलेला नाही.

तो मी वाकोल्याला नेला. सासरच्या खोलीवरून विमानं इतकी खालून जायची की फळीवरची भांडी थरथरायची. खिडकीच्या कट्ट्यावर जागा बघून मी पेनस्टँड तिथे ठेवला आणि कॅलेंडरची तारीख फिरवून त्या दिवसाची लावली. सासूबाई वाईट नव्हत्या, हे सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून आले तर खिडकी रिकामी होती. पेनस्टँड देव्हाऱ्यात होता. पेनं काढून ठेवली होती आणि त्या दोन भोकांत त्यांनी उदबत्त्या खोचल्या होत्या, थोड्या तिरक्या, पण बरोबर बसल्या होत्या. राख तारखेवर पडत होती. "बरं आणलंस हो," त्या प्रेमाने म्हणाल्या, "आमच्याकडे उदबत्तीचं घर नव्हतंच." मी डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. समोर देव होता, दुसरं काय करणार?